कापड उन्हात, रेकॉर्डर रस्त्यावर

रूपश्रीने पत्रकारिता हा विषय घेतला, ते १९९७ साल होतं. बंगळूरच्या त्या कॉलेजात तो विषय नुकताच सुरू झालेला. वर्गात अठ्ठावीस मुलंमुली, आणि शिकवायला एका इंग्रजी दैनिकात वीस वर्षं काढून आलेले पद्मनाभ सर. पहिल्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना एक कागद वाटला. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाने एका माणसाची दहा मिनिटांची मुलाखत कॅसेटवर आणायची, भाषा कुठलीही चालेल. त्या मुलाखतीवर तीनशे शब्दांचा इंग्रजी मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून फ्लॉपीवर द्यायचा. आणि वर एक पान लिहायचं, की तुम्ही कोणता रेकॉर्डर आणि कोणता कॉम्प्युटर वापरलात, आणि तोच का. खाली सरांनी हाताने लिहिलं होतं, 'विकत घ्याच असं नाही. मागून आणा. पण का, ते सांगता आलं पाहिजे.'

तो 'का' रूपश्रीच्या डोक्यात बसला. तिच्या घरी टेपरेकॉर्डर होता, पण तो भजनं ऐकण्यापुरता. तोच का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी तिने कागद वडिलांपुढे ठेवला. श्रीधररावांचं नगरथपेटेत शिंप्यांच्या सामानाचं दुकान होतं. बटणं, अस्तर, चेन, दोरे. घराणं चार-पाच पिढ्यांपासून बंगळुरातलं, त्यामुळे घरात मराठी बोलायची ती अर्धी कन्नडाला टेकूनच. कागद वाचून श्रीधररावांचे डोळे चमकले. नवीन वस्तू म्हटली की ती उलटीपालटी करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

"सरी," ते कन्नडात होकार देत म्हणाले. "आधी कॉम्प्युटर. वेणुगोपाल करतो ना ते जे. पी. नगरात? उद्याच जाऊ."

वेणुगोपाल म्हणजे त्यांच्या दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा. घराच्या गॅरेजमध्ये सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करायचा. त्याने दोन यंत्रं दाखवली. एक नवंकोरं, पेंटियम. त्याला सीडी घालायची खाच होती आणि दोन्ही बाजूंना स्पीकर. दुसरं कुणीतरी परत केलेलं, फोर-एट्टी-सिक्स, पिवळट पडलेलं, पंख्याचा घर्र आवाज करणारं. नव्या यंत्रात त्याने एक सीडी घातली तर पडद्यावर समुद्र हलायला लागला आणि स्पीकरमधून लाटा आल्या. श्रीधरराव खुर्ची पुढे ओढून बसले.

"अप्पा, मला लाटा नकोत, टाइप करायचंय," रूपश्री म्हणाली.

"अगं, पण ऐक तरी स्वल्प!"

तिने ऐकलं. मग तिने वेणुगोपालला विचारलं की मी इथे टाइप केलेलं आमच्या कॉलेजच्या यंत्रावर दिसेल का? तो म्हणाला, दिसायलाच पाहिजे. 'पाहिजे' हा शब्द तिला पुरेसा वाटला नाही. वडील दुकानात अस्तर घेताना काय करतात ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. व्यापारी कितीही सांगो, ते कापड उचलून थेट रस्त्यावर जायचे. दुकानातल्या दिव्याखाली प्रत्येक काळा काळाच दिसतो, उन्हात धरला की कुठला निळसर आणि कुठला तपकिरी ते कळतं, असं त्यांचं म्हणणं.

तिने एकच परिच्छेद दोन्ही यंत्रांवर टाइप केला, दोन फ्लॉप्यांवर घेतला आणि सोमवारी कॉलेजच्या लॅबमध्ये नेला. जुन्या यंत्रावरचा परिच्छेद जसाच्या तसा उघडला. नव्या यंत्रावरचा उघडला तेव्हा पडद्यावर नुसते चौकोन आणि वेड्यावाकड्या खुणा. मधेच तिचं नाव तेवढं शाबूत.

ती हरखलीच. बिघडलं म्हणून नव्हे, बिघडलेलं दिसलं म्हणून. संध्याकाळी बस पकडून परत जे. पी. नगर. वेणुगोपालने डोकं खाजवलं, मग हसला. त्याच्या यंत्रात लिहायचा प्रोग्राम नव्या आवृत्तीचा होता, कॉलेजातला जुन्या. साठवताना जुना प्रकार निवडला की काम होतं. तिने तसं करून पुन्हा फ्लॉपी नेली. उघडलं.

"म्हणजे दोन्ही चालतात," श्रीधरराव वेणुगोपालच्या गॅरेजात पुन्हा समुद्रासमोर बसून आशेने म्हणाले.

"चालतात. पण नव्यावर दर वेळी आठवण ठेवायला लागणार. जुन्यावर काही आठवायला नको. आणि अप्पा, त्याच्या कळा खोल दाबल्या जातात, मला न बघता टाइप करता येतं."

श्रीधररावांनी समुद्राकडे एकदा शेवटचं पाहिलं. पिवळट यंत्र रिक्षातून बनशंकरीच्या घरी आलं आणि शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर बसलं.

रेकॉर्डरसाठी ते शनिवारी एस. पी. रोडला गेले. त्या रस्त्यावर विजेच्या सामानाची दुकानं अशी खेटून, की एकाची पाटी दुसऱ्याच्या दारावर. बसवंत नावाच्या माणसाच्या दुकानात तीन रेकॉर्डर काचेवर मांडले गेले. बसवंत अथणीकडचा. बापलेकीला मराठीत बोलताना ऐकून तो खुलला. "काय ओ, आपलीच माणसं की! बसा."

पहिला रेकॉर्डर मुठीत मावणारा, त्याची कॅसेटही बोटभर. दुसरा चंदेरी, खिशात घालायचा. तिसरा काळा, चपटा, पुढे मोठ्या कळांची रांग आणि धरायला कडी; लोक त्याला शाळेचा रेकॉर्डर म्हणायचे. बसवंतने तिन्हींत "हॅलो, हॅलो" म्हणून वाजवून दाखवलं. तिन्ही छान वाजले.

रूपश्रीने वडिलांकडे पाहिलं. श्रीधररावांनीच तोंड उघडलं. "बाहेर नेऊ का?"

"बाहेर?" बसवंत म्हणाला. "रस्त्यावर काय ऐकणार ओ?"

"तेच तर बघायचंय."

दुकानासमोर हातगाड्या, रिक्षा, टीव्हीची खोकी डोक्यावर घेऊन जाणारे हमाल. त्या गदारोळात श्रीधरराव उभे राहिले आणि रूपश्रीने पहिल्या रेकॉर्डरची कळ दाबली. काय बोलावं ते न सुचून त्यांनी दुकानातला माल म्हणायला सुरुवात केली. "चारभोकी बटण, दोनभोकी बटण, पितळी हूक, काळी चेन आठ इंची." मग तिच्या सांगण्यावरून दहा अंक मोजेपर्यंत गप्प. मग पुन्हा तेच. तिन्ही यंत्रांवर हा पाठ झाला. तिसऱ्या वेळेपर्यंत चार-पाच माणसं जमली होती आणि त्यातल्या एकाने कन्नडात विचारलं, ही बटणं कुठे मिळतात?

आत येऊन तिने कानात इअरफोनचं बटण घालून ऐकलं. मुठीतल्या यंत्रात वडील पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखे वाटत होते. शिवाय ती बोटभर कॅसेट कॉलेजात कशावर वाजवणार? चंदेरी यंत्रात आवाज स्वच्छ होता, पण एक विचित्र गोष्ट तिच्या ध्यानात आली. वडील बोलत असताना रस्ता लांब असायचा. ते गप्प झाले की रस्ता हळूहळू फुगत फुगत कानाशी यायचा, आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं की झटकन मागे सरायचा.

"हे कसं?" तिने विचारलं. "रस्ता तर तेवढाच होता."

बसवंतलाही आता गंमत वाटायला लागली होती. "मशीन आपणच आवाज सांभाळतंय. बारीक झालं की वाढवतंय, मोठं झालं की कमी. माणूस थांबला तर त्याला वाटतंय, अरे, काहीच ऐकू येईना, आणि ते रस्ता उचलतंय. हा काळापण तसाच. पण याला बाजूला भोक हाय बघा, मायक्रोफोन लावायचं." त्याने खणातून चिमटीएवढा, कपड्याला अडकवायचा मायक्रोफोन काढला. श्रीधररावांच्या शर्टाला तो लावून चौथ्यांदा बटणांचा पाठ झाला. तोंडाजवळ मायक्रोफोन आला, तसे वडील जवळ आले आणि रिक्षा मागे गेल्या.

काळा रेकॉर्डर जड होता, खांद्यावरच्या झोळीत पाठीला टोचायचा. तरी तिने तोच घेतला. त्याला फीत कुठवर आली ते सांगणारा आकड्यांचा काउंटर होता आणि कळा अशा मोठ्या, की न बघता बोटाला सापडाव्यात.

मुलाखत कुणाची, हा प्रश्न नव्हता. तिची आत्या कस्तुराबाई बोम्मसंद्र्याला एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरसाठी तारेची वेटोळी गुंडाळायचं काम करायची. बारा वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, ती भावाच्या घरी राहायला आली आणि तिथूनच तिने ती नोकरी धरली. आता कारखान्याजवळच खोली घेऊन राहायची.

पुढच्या शनिवारी रूपश्री दोन बस बदलून तिथे गेली. दोनला पहिली पाळी सुटली. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर दोघी बाकावर बसल्या. रूपश्रीने आत्याच्या पदराला मायक्रोफोन अडकवला आणि वहीतले चौदा प्रश्न एकामागून एक विचारले. आत्याने सगळ्यांची उत्तरं दिली. होसूर रोडवरून लॉऱ्या जात होत्या, तरी रूपश्रीला काळजी नव्हती. यंत्र तिने पारखून घेतलं होतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तिने कानात बटण घातलं. लॉऱ्या लांब होत्या. आत्याचा आवाज जवळ, स्वच्छ. पण त्याच्यावर सतत दुसराच कुणाचा तरी आवाज येऊन बसत होता. "हं हं." "हो का?" "बरोबर." "बरं, मग सुट्टी कधी असते?" आधी तिला वाटलं, मायक्रोफोन उलटा लावला. मग लक्षात आलं, की तो आवाज तिचा स्वतःचा आहे.

एका जागी आत्या म्हणत होती, "पहिल्या दिवशी ना, मी इथं उतरले आणि..."

"हो, ते साल कोणतं?" रूपश्रीने विचारलं होतं.

आत्याने साल सांगितलं. ती उतरली आणि काय, ते राहूनच गेलं. रूपश्रीने फीत मागे घेऊन ते तीनदा ऐकलं. वाक्य तिथेच तुटत होतं. तिचे कान तापले. शेजारी बसलेली बाई हातातल्या पिशवीसह थोडी सरकली, बहुधा या मुलीला बरं नाही असं समजून. पण लाजेच्या खालून एक जोरदार उत्सुकता वर येत होती. उतरली आणि काय?

आठवडाभर तिने दुसरं काही केलं नाही असं नाही. वर्ग होते, टाइपिंग होतं. पण शनिवारी ती पुन्हा त्याच बाकावर होती. या वेळी वही झोळीतून काढलीच नाही.

"पुन्हा? मागचं बिघडलं काय?" आत्याने विचारलं.

"मशीन चांगलं आहे. मीच मधे मधे बोलले. आत्या, तू पहिल्या दिवशी इथं उतरलीस, आणि?"

आत्याने ग्लास खाली ठेवला. एक लॉरी गेली. दुसरी गेली. रूपश्रीने दात ओठांवर घट्ट दाबून धरले. 'सांग ना' जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

"उतरले आणि आत गेलेच नाही," आत्या म्हणाली. "फाटकाशी गेले, आत सगळ्या पोरी भराभर कार्डं ठोकून चाललेल्या. मला वाटलं, माझ्या हाताला पोळ्या नि शिवण सोडून काय येतंय? इथंच, ह्याच बाकावर येऊन बसले. दोन वाजेपर्यंत. मग सुटलेल्या बायकांबरोबर बस धरून घरी आले. तुझ्या अप्पाने विचारलं, कसं झालं काम? मी म्हटलं, छान झालं."

रूपश्रीने नुसती मान हलवली.

"दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी टपरीवाल्या अक्काने ग्लास पुसत विचारलं, 'तू आत जाणारेस, की तुला इथं ग्लास विसळायला ठेवून घेऊ?' मला इतकं हसू आलं! हसत हसतच आत गेले. उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली, ती पण हसत." तिने ग्लास पुन्हा उचलला. "हे मी कुणाला सांगितलं नाही गं. कुणी विचारलं पण नाही."

रेकॉर्डर बंद केल्यावर रूपश्रीने विचारलं, हे वर्गात वाजवलं तर चालेल का? आणि घरी?

आत्या म्हणाली, "वर्गात वाजव की. ती कोण मला ओळखतात! घरी मी असताना वाजव."

वर्गात मराठी कळणारी तीनच मुलं होती, म्हणून रूपश्रीने आधी इंग्रजीत गोष्ट सांगितली आणि मग कॅसेट लावली. टपरीवाल्या अक्काच्या प्रश्नाला, भाषा न कळणारेही हसले, कारण आत्या हसत होती. तिच्या 'का'च्या पानावर रस्त्याचं फुगणं होतं, चौकोन झालेला परिच्छेद होता, आणि वाया गेलेल्या पहिल्या मुलाखतीबद्दल सात ओळी. पद्मनाभ सरांनी त्या सात ओळींखाली रेघ मारली आणि पहिली कॅसेटही मागून घेतली. ती कॅसेट त्यांना पुढच्या वर्गात वाजवायची होती. रूपश्री आधी नाही म्हणाली, मग दिली.

रविवारी कस्तुराबाई बनशंकरीला जेवायला आली. जेवणं झाल्यावर रूपश्रीने काळा रेकॉर्डर पाटाशेजारी ठेवला. श्रीधरराव मांडी घालून, मान एका बाजूला करून ऐकायला बसले. आधी ते आवाज किती स्पष्ट आला याचंच कौतुक करत होते. मग त्यांची मान सरळ झाली. कॅसेट संपली आणि कळ खटकन वर आली.

"माझा आवाज असा आहे होय?" कस्तुराबाई म्हणाली. "पोपटासारखा."

"अक्का," श्रीधरराव बहिणीला म्हणाले, "दोन दिवस तू बाकावर बसलीस. त्या दोन दिवसांचा डबा काय केलास?"

"टपरीवाली नि मी मिळून खाल्ला. तिला आपल्याकडची वांग्याची भाजी फार आवडली."

श्रीधरराव मोठ्याने हसले. मग त्यांनी विचारलं ती बाई कुठली, तिचं नाव काय, अजून असते का तिथे. कस्तुराबाई सांगू लागली, बाईला दोन मुली आहेत, धाकटी त्याच कारखान्यात लागली वगैरे, आणि ते दर वाक्याला "मग?" म्हणत राहिले. रूपश्री खरकटी ताटं उचलता उचलता थांबली आणि भिंतीला टेकून, ताटं हातात तशीच धरून, ऐकत उभी राहिली.