गळाभेट

भीमेवरचं धुकं त्या सकाळी हायस्कुलात शिरलं ते हटेचना. प्रार्थना ऐकू येत होती, पोरं दिसत नव्हती. त्या पांढऱ्यातून दोन गुलाबी फेटे तरंगत पुढं आले, खाली माणसंच नसल्यागत.

फेटे संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव आबांनी आणलेले. काल त्यांच्या नातवानं, दहावीतल्या विश्वजीतनं, नववीतल्या रविराजला हातातल्या कड्यानं मारलं. भुवई फाटली, टाके पडले. कारण काय, तर रविराज त्याच्या स्टेटसला हसला. फेटे दोघांना बांधून झाले होते, आता गळाभेट घ्यायला लावायची, फोटो काढायचा. याला आमच्याकडं 'मिटवणं' म्हणतात. मार खाल्लेल्यानं मारणाऱ्याला मिठी मारायची! आग लावा असल्या मिटवण्याला.

रविराजचा बाप रोहिदास खाली मान घालून उभा. त्याच्या उसाला कारखान्याची तोड आबांच्या शब्दावर मिळते.

"मॅडम, फोटो तुम्हीच काढा," आबा म्हणाले.

मुख्याध्यापिका सुवर्णा मॅडम फोन न काढताच रविराजपाशी गेल्या. "तुला मारायचीय का मिठी?"

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"न्हाई." इतकं हळू, की धुकंच बोललं असं वाटावं.

"मग न्हाई."

"ओ मॅडम, पोरांला काय विचारताय? दौंडच्या पल्याडच्या आपल्या शाखेत जागा मोकळी हाय. म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय. तिकडं धुकं कमी असतं म्हणे." त्या वळल्या. "आन् विश्वजीत, तुला रे?"

"मला बी न्हाई. आबा म्हणले म्हणून..."

आबांचा हात वर गेला. स्वप्नात जातो तसा, सावकाश. विश्वजीत हलला नाही, त्यानं फक्त डोळे मिटले. सवयीनं. थप्पड पडायच्या आत मॅडमनी आबांचं मनगट धरलं.

प्रार्थना संपली होती. पानांवरून थेंब गळत होते तेवढंच.

"शाळेत हात उचलायचा न्हाई, आबा. कुणीच. विश्वजीत उद्यापासून मधल्या सुट्टीत माझ्यापाशी बसंल, त्याच्याशी मला बोलायचंय. आन् रोहिदासभाऊ, तुम्हाला तक्रार द्यायची असंल तर मी सोबत येते."

रोहिदासनं पोराच्या डोक्यावरचा फेटा सोडला. खालची पट्टी लाल झाली होती. तो त्या पट्टीकडं बघत राहिला, मग आबांकडं.

"धरा तुमचा फेटा," तो म्हणाला. "मॅडम, चला. आधी दवाखाना, मग चौकी."