सासूबाईंना हुकूम कसा सोडावा

चष्म्याचं दुकान चालवणारे जगात पुष्कळ असतील, शिडाच्या बोटीतून समुद्र ओलांडणारेही असतील. पण सासूला बरोबर घेऊन समुद्र ओलांडायला निघालेले आपण एकटेच, अशी त्याची खात्री होती. हा मान त्याने काही पराक्रम करून मिळवला नव्हता. त्याची बायको बंदराच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं, एवढंच.

बोट नवराबायको दोघांची. जुनी, एका डोलकाठीची, आणि आत ताठ उभं राहिलं की टाळू छताला घासेल एवढी बुटकी. दुकान धाकट्या भावावर सोपवून दोघं निघाली तेव्हा मित्रांनी त्याला 'कॅप्टन' म्हणायला सुरुवात केली. म्हणताना ते हसायचे, पण त्याने तिकडे कानाडोळा केला होता. खरं तर बोट बायकोच चालवायची. तिला काही सांगावं लागत नसे. तो तोंड उघडेपर्यंत तिचं काम झालेलं असे, आणि मग तो "शाब्बास" म्हणे. कॅप्टनकी म्हणजे हीच, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

अर्धी वाट झाल्यावर एका बेटावरच्या बंदरात हा अपघात झाला. बातमी कळताच सासूबाई विमानाने येऊन थडकल्या. त्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. आल्या आल्या त्यांनी लेकीचं प्लास्टर वाजवून पाहिलं आणि तिथल्या डॉक्टरला दोन प्रश्न विचारले. डॉक्टर खुर्चीतून उठून उभा राहिला.

वादळांचे दिवस जवळ येत होते, बोट त्या उघड्या बंदरात ठेवून चालणार नव्हतं. एकट्याने न्यावी, तर सुकाणू कुणीतरी सतत धरायला हवं. ते आपोआप धरणारं एक यंत्र होतं, पण ते स्वतःच्या मर्जीने चालायचं. त्याने बरोबर यायला माणूस शोधला. एक खलाशी आला, बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली, कॅप्टनलाही निरखलं, आणि "घरी गॅस चालू राहिलाय" म्हणून जो गेला तो गेलाच.

"मी जाते जावईबापूंबरोबर," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण आई, मला कोण?" बायको म्हणाली.

"एक हात मोडलेली मुलगी विमानातून एकटी घरी जाऊ शकते. दोन्ही हात धड असलेला जावई समुद्रात एकटा जाऊ शकत नाही. मी सगळी चौकशी केली आहे."

ही चौकशी कुणाकडे केली, हे त्याने बायकोला विचारलं नाही. तिने त्याच्या नजरेला नजर दिली नाही, त्यावरून कळलंच.

निघाल्यावर पहिले काही दिवस कॅप्टन बादलीला मिठी मारून पडला होता. सासूबाईंना मात्र बोट लागली नाही. त्या हलत्या चुलीवर चहा करायच्या, बादली रिकामी करायच्या, कपाळावर हात ठेवून "होईल कमी" म्हणायच्या आणि सुकाणूवर जाऊन बसायच्या. जावयाने सासूसमोर निदान जेवण पोटात ठेवावं एवढी अपेक्षा रास्त होती, पण तीही त्याच्याकडून पुरी झाली नाही.

बरा झाल्यावर दुसऱ्या अडचणी. त्या खोलीएवढ्या जागेत लाजायला कोपरा नव्हता. सासूबाई समुद्राच्या पाण्याने आंघोळ करत, तेव्हा तो बोटीच्या नाकाडावर उभा राहून क्षितिजाकडे बघत मोठमोठ्याने गात असे, म्हणजे आपण इकडेच तोंड करून आहोत हे त्यांना कळावं. आवाज भसाडा होता. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्या आंघोळ फार लवकर आटपू लागल्या. स्वतःच्या चड्ड्या तो लपवून आतच वाळत घाले. त्यांना बुरशी धरली. एका सकाळी बघतो तर सगळ्या शिडाच्या दोरीवर ओळीने फडफडत होत्या.

"अहो, वॉर्डात आयुष्य गेलं माझं," सासूबाई म्हणाल्या. "यात बघण्यासारखं काही नाही."

पण खरी पंचाईत निराळीच होती. बोटीवर हुकूम सोडावे लागतात. छोटे, मोठ्याने आणि ताबडतोब. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासूबाईंशी तो वाकून, अदबीनेच बोलत आला होता. ती अदब म्हणजे आपला मोठा गुण, असं तो मानायचा. सगळ्या जावयांत आपला पहिला नंबर, हेही त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसरा जावई नव्हताच.

एका दुपारी वाऱ्याने एकदम दिशा बदलली. शीड भरकन पलीकडे जाणार, त्याआधी लाल दोर सोडायला हवा, हे त्याला दिसत होतं. दोर सासूबाईंच्या हाताशी होता.

"आई, आपल्याला त्रास होणार नसेल तर तो दोर जरा सैल कराल का?"

"कुठला, जावईबापू? हा निळा?"

"नाही, म्हणजे, निळाही काही वाईट नाही, पण माझं असं मत होतं की लाल जर..."

मत पुरं झालं नाही. शिडाच्या तळाची आडवी दांडी सणसणत आली आणि त्याच्या कपाळावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते विझल्यावर पुढे काहीच नव्हतं, नुसता निळा-करडा काला. चष्मा समुद्रात गेला होता.

दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बजावत असे, दुसरा चष्मा करून ठेवा, वेळ सांगून येत नाही. बोटीवर त्याने प्रत्येक वस्तू जादा घेतली होती: पंप, कंदील, होकायंत्र, कॅन उघडायची चावीसुद्धा. जादा चष्मा घ्यावा हे डोक्यातच आलं नव्हतं. लहानपणापासून तो नाकावर असल्यामुळे त्याला नाकातच जमा धरला होता. जादा नाक कोण बरोबर घेतं?

सासूबाईंनी टेंगळावर ओलं फडकं दाबलं. "दिसतंय ना नीट?"

"हो, हो. तसं काही फार लागत नाही मला."

चष्म्याशिवाय त्याला हात लांब केला तर बोटं दिसत, पण ती किती आहेत हे सांगता येत नसे. तरी त्याने दोन दिवस हे सोंग निभावलं. ढगाला जहाज समजून हात केला. बटाटा समजून कांदा चावला आणि "मला कच्चाच आवडतो" म्हणाला. दुसऱ्या संध्याकाळी सुकाणूजवळ बसलेल्या सासूबाईंना त्याने हवामान, दिशा, उरलेलं पाणी, सगळा अहवाल तपशीलवार दिला. त्या एक अक्षरही न बोलता ऐकत होत्या. त्याला बरं वाटलं.

"रेनकोटला सांगून झालं असेल तर मलाही सांगा," मागून आवाज आला.

त्यानंतर सासूबाईंनी त्याला खाली बसवलं आणि चष्मेवाल्याचीच नजर तपासली. निकाल ऐकवला नाही, नुसता सुस्कारा टाकला. तेव्हापासून सुकाणू आणि टेहळणी त्यांच्याकडे आली. तो चाचपून दोर ओढी आणि दिशा दाखवणाऱ्या पडद्याला नाक लावून वाट सांगे. बायकोला उपग्रहावरून रोज चार शब्द पाठवता येत. त्या दिवशी त्याने पाठवलं: 'चष्मा गेला. आई ठणठणीत.' उत्तर आलं: 'अपेक्षित.'

मग ती धुक्यासारखी गढूळ दुपार आली.

"जावईबापू, समोर इमारत आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, समुद्रात इमारत नसते."

"चार मजली आहे. पांढरी. खाली काळी."

मालवाहू जहाज. त्याने वायरलेसवर हाका मारल्या, पलीकडून फक्त खरखर. "ते सरकतंय का बाजूला? आपल्या डोलकाठीच्या दोरापासून पुढे जातंय की मागे?"

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "जागा सोडत नाही. नुसतं मोठं होतंय."

जे जहाज जागा न सोडता मोठं होतं, ते आपल्याच अंगावर येत असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आई, आपल्याला जर..." तो बोलला, आणि कुठून तरी आतून दुसराच आवाज फुटला. "सुकाणू ढकल! तुझ्यापासून लांब! अजून! लाल सोड, लाल!"

"सोडला! तू डोकं खाली घाल, गाढवा!"

त्याने घातलं. दांडी केसांवरून फर्रकन गेली. त्याने हाताला लागलेला दोर जीव खाऊन ओढला, शीड दुसऱ्या बाजूला फुगलं आणि बोट वळली. एक प्रचंड काळी भिंत धडधडत बाजूने गेली. इतक्या जवळून की तीसुद्धा त्याला दिसली. मग लाटांनी बोट अशी झोडपली की आतली सगळी भांडी एकदम बोलली.

लाटा शमल्यावर त्याने चाचपून दोर बांधला.

"आई, मघाशी मी तुम्हाला अगं-तुगं..."

"मी गाढव म्हणाले."

"ते चालेल."

"ते बरोबरही होतं." त्या हसायला लागल्या. मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू? तुझा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी बोलायचात तेव्हा मला वाटायचं, मी बँकेच्या खिडकीशी उभी आहे. 'हो आई, बरोबर आई.' मी लेकीला म्हटलंसुद्धा, अगं, या माणसाला स्वतःचं मत आहे की नाही?"

पहिला नंबर म्हणून ज्या पेपरावर तो मिरवत होता, तो तपासणाऱ्याने कोराच धरला होता.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आहे. पण ते ओठांपर्यंत यायला वेळ लागतो."

पुढचे दिवस भांडणांत छान गेले. तो घोरतो, त्या चहात साखर कमी घालतात, तो कांदे जपून वापरत नाही, त्या त्याचं गाणं मुद्दाम मध्येच तोडतात. 'तू' आणि 'तुम्ही' यांची पार खिचडी झाली. एका दुपारी तर त्या त्याला "अहो गाढवा" म्हणाल्या. वारा पडला की त्या वॉर्डातल्या गोष्टी सांगत, आणि तो न पटलेल्या जागी "छे, काहीतरीच" म्हणे. म्हटल्यावर आकाश कोसळत नाही, हे त्याला दरवेळी नव्याने कळे.

किनारा आला तोही त्यांनीच पाहिला. बंदरात शिरताना सासूबाई नाकाडावर उभ्या राहून ओरडत होत्या आणि तो सुकाणू फिरवत होता. "उजवीकडे! अरे, आणखी! कानही समुद्रात टाकलेस का?"

"ऐकतोय! ओरडू नकोस!"

धक्क्यावरची एक अंधुक आकृती हे ऐकून जागच्या जागी थिजली. ती त्याची बायको होती, घरून विमानाने येऊन थांबलेली. तिने एका हाताने दोर झेलला, बोट बांधली, काही न विचारता त्याच्या नाकावर नवा चष्मा चढवला.

जग झपकन जागेवर आलं. आधी बायको दिसली. मग बोट, मिठाने पांढरी पडलेली. मग त्याने सासूबाईंकडे पाहिलं आणि बघतच राहिला. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले, गालाची हाडं वर आलेली. आणि दोन्ही तळहात दोरांनी सोललेले, जुन्या फोडांवर नवे फोड. इतके दिवस त्या हातांनी त्याला चहाचा कप मिळत होता आणि त्याला काहीच कळलं नव्हतं.

"हे काय? सांगायचं नाही का?" तो ओरडला.

त्यांनी हात मागे घेतले. "सांगून काय केलं असतंस? दोर तू बघून ओढणार होतास?"

"हात पुढे कर."

"जावईबापू, नळावर धुतलं की..."

"आई, हात पुढे."

त्यांनी केले. औषधांची पेटी आणून तो धक्क्यावर मांडी घालून बसला आणि बँडेज बांधू लागला. सासूबाई वरून सूचना देत होत्या: इतकं घट्ट नको, अंगठा मोकळा ठेव, गाठ वर नाही बाजूला, हे कसलं बांधतोस, हे तर पार्सल दिसतंय. त्याने ते सोडून पुन्हा बांधलं. तेही पार्सलच झालं.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "हे चालेल."

बायको प्लास्टरचा हात पोटाशी धरून दोघांकडे पाळीपाळीने बघत उभी होती. एकाच्या कपाळावर पिवळं पडलेलं टेंगूळ, दुसरीच्या हातांची दोन गाठोडी. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या दोघांत धड हात एकाचेच आहेत. पिशव्या तूच उचल."

त्याने उचलल्या.