बँकॉकातली वंदना

थायलंडला जायचं ठरलं तेव्हा पहिली मीच 'नाय' बोलले. "मला म्हातारीला कशाला नेतोस रे रूपेश? मी आपली आसनगावात बरी. तुमी नवरा-बायको जा, पोरीला घेऊन." रूपेश माझा पोरगा, ठाण्याला कंपनीत सुपरवायझर. तो काय ऐकतो? पण मला वळवलं ते माझ्या नातीने, हर्षालीने. नऊ वर्षांची पोर, गळ्यात पडली नि बोलली, "आजी, तिकडे सगळे आपल्यासारखेच बौद्ध असतात. गल्लीगल्लीत विहार!"

झालं, विरघळले. या पोरीला त्रिसरण-पंचशील मी शिकवलंय, बोबडं बोलायची तेव्हापासून. टोकावड्याला माझ्या माहेरी आमी वंदना म्हणायचो, तर वरच्या आळीतली माणसं मुद्दाम थाळ्या बडवायची. आता जिथं राजापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे बुद्धाचे, त्या मुलखात मी आणि माझी नात मांडीला मांडी लावून बसणार, नि चांगली खणखणीत वंदना म्हणणार. बडवा म्हणावं आता थाळ्या! मला ना समुद्र बघायचा होता, ना हत्ती. मला एवढंच पायजे होतं.

विमानतळावर ग्रुप जमला. सगळी मराठी माणसं. त्यात डोंबिवलीच्या एक बाई होत्या, त्यांची ईशा हर्षालीच्याच वयाची. दोघी पोरींची लगेच गट्टी जमली. बाई गोड होत्या, खोटं कशाला बोलू? शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला नि आमच्या बॅगेवरचं नाव वाचून हसतहसत विचारलं, "शहापूरकडचे ना? जाधव म्हणजे कोण तुम्ही?"

जाधव सगळ्यांतच असतात, म्हणून माणसं पुढचं विचारल्याशिवाय राहात नाय.

"कुणबी," रूपेश बोलला.

माझ्या हातातली शंकरपाळी हातातच राहिली. अगो बाय, हा काय बोलला? आसनगावात कोणी वाकडा शब्द काढला तर पायातली चप्पल हातात घेणारी बाई मी. आणि तिथं माझी दातखीळ बसली! हर्षाली आधी माझ्याकडं बघते, मग बापाकडं. "पप्पा, आपण तर..." रूपेशने तिला हाताला धरून बाजूला नेलं. मी पण मागोमाग गेले.

"आई, सात दिवसांचा प्रश्न आहे," तो दबक्या आवाजात बोलला. "महाबळेश्वरचं विसरलीस? पहिल्या दिवशी खरं सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून आपल्या टेबलावर कोणी आलं का? हर्षाली रडत होती, माझ्याशी कोण खेळत का नाय म्हणून. मला परत तसं नकोय." मग पोरीला बोलला, "कोणी विचारलं तर काय सांगायचं, कळलं ना बाळा?"

पोरीने मान हलवली. मी काय बोलले ठाऊक आहे? "बरं" बोलले. पोरांची सुट्टी नासायला नको म्हणून. कोणाची सुट्टी नि कसलं काय! लाज वाटली, पण गिळली.

आणि सुट्टी चांगली गेली हो. तेच तर सलतं. पोरी समुद्रात डुंबल्या, हत्तीवर बसल्या, नारळाच्या आइसक्रीमवरून भांडल्या. जेवायला टेबलावर आमच्यासाठी जागा धरून ठेवायच्या त्या बाई. मला "आजी, आजी" करायच्या. एकदा तर माझ्या ताटात वाढता वाढता बोलल्या, "किती साधी माणसं तुम्ही!" ही माया आपल्यासाठी नाय, आपण उसन्या आणलेल्या त्या कुणबी म्हातारीसाठी आहे, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. सुनेकडं, दिपिकाकडं बघितलं, तर ती ताटातली कोथिंबीर वेचत बसलेली.

शेवटच्या दिवशी बँकॉकातल्या देवळात नेलं. देऊळच बोलायची ती माणसं, मी पण बोलायला लागलेले. चपला काढून आत गेलो नि समोर भगवान! सोन्याचे, छताला टेकलेले. खाली भिक्खू बसलेले, त्यांच्या मागे बायाबापडे, शाळेतली पोरं, पोलीससुद्धा. हात जोडून सगळी एका सुरात म्हणत होती. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण मी ओळखलं. आमचंच त्रिसरण!

माझ्या डोळ्यांतून पाणी धो धो. आता मेले तरी गप्प बसणार नाय, बोलले मनात. हर्षालीचा हात धरला, तिला खाली बसवलं नि सुरू केलं. आवाज माझा आधीच मोठा, त्या उंच दालनात आणखी घुमला. शेजारच्या थाई बाईने वळून बघितलं, हसली, नि माझ्या सुरात सूर मिळवला. काय सांगू, जन्माचं सार्थक झालं असं वाटलं. मी हर्षालीला कोपर मारलं, म्हण गो म्हण.

ती म्हणेना. ओठ घट्ट मिटून बसलेली.

मागून डोंबिवलीच्या बाई वाकल्या. तोंडावर निव्वळ कौतुक. "अय्या आजी, तुम्हाला हे येतं? कुठे शिकलात?"

मी त्यांच्याकडं वळले. सांगणारच होते. आईशपथ, सांगणारच होते, शब्द ओठांवर होते. पण माझ्याआधी हर्षाली बोलली. हसतहसत, एकदम सहज, अगदी बापासारखी.

"काकू, आमच्या घराच्या मागे ना, ती जयभीमवाली लोकं राहतात. रोज लाऊडस्पीकर लावतात. ऐकून ऐकून आजीचं पाठ झालंय."

"असं होय!" बाई हसल्या. ईशा पण हसली.

माझा आवाज तिथंच बसला. समोर सगळी म्हणत होती, ती थाई बाई माझी वाट बघत होती, नि मला पुढली ओळ आठवेना. जी ओळ झोपेत म्हणते, ती आठवेना. रूपेश खांबापाशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तोंड असं पांढरं पडलेलं, कोणी थोबाडीत मारल्यासारखं.

हर्षाली उठून धावत त्याच्याकडं गेली, त्याचा हात हलवला नि हळूच विचारलं, "पप्पा, बरोबर बोलले ना मी?"