उजव्या पायाचा मोजा

मित्रांनो, मी सुती पायमोजा आहे आणि मला एका जागी पडून राहणं कधीच जमलेलं नाही. आता माझं वय झालं आहे. टाचेवर आणि करंगळीपाशी रफू आहे, बोटांपाशी एक फिकट तपकिरी डाग आहे. तरीही पेटीचं झाकण उघडलं की मला वाटतं, चला, निघायचं. माझी ही अस्वस्थता जन्मापासूनचीच आहे.

माझा जन्म नंदुरबारात जाहेदाबींच्या घरी झाला. त्यांच्याकडे मोजे विणायचं एक यंत्र होतं. पितळी नळकांडं, त्याभोवती उभ्या सुया आणि हातानं फिरवायचा दांडा. त्यांची मुलगी नईमा दांडा फिरवत गेली आणि मी खाली खाली लोंबत वाढत गेलो. यंत्राला बोटांकडचं तोंड मात्र बंद करता येत नव्हतं. बाकीचे कारागीर तिथं सरळ शिवण मारून मोकळे होत. जाहेदाबी एकेक टाका सुईवर उचलून समोरच्या टाक्यात गुंफायच्या. एका मोज्याला तासभर लागायचा.

नईमा एकदा कंटाळून म्हणाली, "अम्मी, इतना टाइम कायको लगाते? बाहर से किसको दिखता है?"

"दिखता नहीं, बेटा," जाहेदाबी म्हणाल्या, "चुभता है."

माझी जोडी बाजारातल्या चुनीलालच्या दुकानात गेली. ही गोष्ट १९३६ सालची. त्या काळी नकली रेशमाच्या चकचकीत मोज्यांची हौस होती. ते काचेच्या कपाटात, आणि मी तळाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. हात खोक्यापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की माझे टाके ताणले जायचे. ते निघून गेलं की मी पुन्हा ढिला पडायचो. न वापरता पिवळा पडलो तर, या एका भीतीनं मला ग्रासलं होतं.

मग एके दिवशी दुपारी कोरीट गावच्या धनुबाई दुकानात आल्या. शेतकऱ्याच्या घरातली बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास. सोबत मोजपट्टी म्हणून सुतळीचा एक तुकडा.

"पांढरा मोजा दखाडा, भाऊ," त्या म्हणाल्या. "निव्वळ कपाशीना."

चुनीलालनं चकचकीत जोडी पुढं केली. "बहेन, हाऊ माल मुंबईथून येल शे. कपाशीपेक्षा भारी."

धनुबाईंनी मोजा चिमटीत धरून पाहिला. मग त्यांनी पाणी मागितलं. आतल्या बाजूनं सुटलेला एक धागा काढला, अर्धा कोरडा ठेवला, अर्धा भिजवला. कोरडा ओढून पाहिला, तो टिकला. ओला ओढला, तो लगेच तुटला.

"दखा. वल्ला व्हताच तुटना," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मोजा काय पानीमा बुडावाना शे का, बहेन?"

"पायले घाम येस, भाऊ."

चुनीलालनं दुसरी जोडी काढली. ती पांढरी होती आणि सुतीही होती. धनुबाईंनी तिच्यात हात घातला आणि डोळे मिटून बोटं आतून फिरवली. बोटांच्या टोकाशी त्या थांबल्या.

"आठे शिवणना दोर शे."

"तितलं चालस सगळास्ले."

"सगळास्ले समजस," धनुबाई म्हणाल्या. "आमना घरना मानूसले समजत नही."

हे म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. कारण मला पुढे कळलं, ते आताच सांगतो. त्यांचे यजमान दोधूआबा यांना गोड लघवीचा आजार, म्हणजे मधुमेह होता. त्या आजारानं त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. आदल्या थंडीत शेकोटीपाशी बसले असताना उजव्या पायाखाली निखारा आला. आबांना चटका जाणवला नाही. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा ते इकडंतिकडं पाहू लागले. ती जखम भरायला दोन महिने लागले. नंदुरबारचे डॉक्टर धनुबाईंना म्हणाले होते, "यांना सैल बूट घ्या आणि आत सुती मोजे. शिवण टोचेल असा मोजा नको. रंग पांढराच हवा, म्हणजे रक्त आलं तर दिसेल. त्यांचा पाय सांगणार नाही, मोज्यानं सांगायला हवं."

तर, धनुबाईंची नजर तळाच्या खोक्याकडं गेली. "तठे काय शे?"

"ते साधं शे, बहेन. इकडलंच विणेल."

त्यांनी मला उचललं. हात आत घातला, बोटं टोकापर्यंत नेली आणि पुन्हा एकदा नेली. तिथं काहीच लागलं नाही. मग दारात जाऊन मला उजेडासमोर धरलं. सगळी वीण सारखी होती, टाच दुहेरी सुताची होती. दोन्ही हातांनी आडवं ताणून सोडलं. मी झटकन पूर्वीसारखा झालो. आयुष्यात इतक्या मनापासून मी दुसरं काही केलं नसेल. शेवटी माझा धागा भिजवून ओढला. तो त्यांच्या बोटात रुतला, पण तुटला नाही. सुतळी माझ्या तळव्याला लावली. मी अर्धं बोट लांब निघालो.

"धुतल्यावर आटी," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि मला पदरात गुंडाळलं.

घरी आबांनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. "मी काय मामलेदार शे का, मोजा घालाले?"

"मामलेदार खुर्चीवर बठस," धनुबाई म्हणाल्या. "तुम्हीन दिनभर वावरमा फिरतस."

आबांनी मोजे घातले, पण गावात वर पाहून चालायचे नाहीत. लोक हसत असतील असं त्यांना वाटायचं. कुणी फारसं हसत नव्हतं, हे मी खालून पाहत होतो. धनुबाईंनी माझ्या काठाला निळ्या दोऱ्याचा टाका घातला आणि मी कायमचा उजव्या पायाचा झालो. निखाऱ्याची जखम त्याच पायाला झाली होती.

मित्रांनो, आबांइतका अस्वस्थ माणूस मी दुसरा पाहिला नाही. विहिरीवरून मिरच्यांच्या खळ्यावर, खळ्यावरून कपाशीत, कपाशीतून पुन्हा विहिरीवर. मला चालायला मिळत होतं, मी खूश असायला हवा होतो. पण माझ्या आतला पाय मुका होता. बुटात बारीक खडा शिरला की तो मला टोचायचा, पायाला नाही. मी वळकटी होऊन त्या खड्याला अडवायचो, सरकवायचो आणि दिवस मावळायची वाट पाहायचो. मावळतीआधी धनुबाई आबांना ओट्यावर बसवायच्या, मला काढून उलटा करायच्या आणि उजेडात न्याहाळायच्या. मग पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्या पाहायच्या. काही नसलं की "ठीक शे" एवढंच म्हणायच्या. त्या दोन शब्दांसाठी मी दिवसभर जीव मुठीत धरून असायचो.

वर्षभर एकही जखम झाली नाही. मग सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आली. आबांना घोडी घ्यायची होती. धनुबाईंना जाणं शक्य नव्हतं, कपाशीची वेचणी चालू होती. निघताना त्या म्हणाल्या, "दिन बुडाना आगुदर मोजा काढा नि उलटा करीसन दखा."

"लोकेसमोर?"

"लोकेसमोर."

आबांनी मान डोलावली. यात्रेसाठी त्यांनी बुटाला नवा तळ मारून घेतला होता. त्यातला एक खिळा जरा लांब होता. तापी ओलांडायला आबा नावेत चढले आणि त्यांचा सगळा भार उजव्या पायावर आला, तेव्हा खिळ्याचं टोक करंगळीपाशी वर आलं. आधी ते मला लागलं. माझे दोन धागे तुटले. मग ते माझ्यातून पलीकडं गेलं.

मला गरम ओल जाणवली. आबा नावाड्याशी पाण्याच्या ओढीबद्दल बोलत होते.

नाव काठाला लागली. आबा वाळूतून चालत वर आले आणि घोड्यांच्या रांगांतून हिंडू लागले. प्रत्येक पावलाला खिळा आत जायचा आणि बाहेर यायचा. मी रक्त शोषत होतो. मला करता येण्यासारखं तेवढंच होतं. जितकं लाल होता येईल तितकं मी झालो, पण बुटाच्या आत, जिथं कुणाची नजर पोचत नव्हती. संध्याकाळ झाली. आबा राहुटीत ओळखीच्या माणसांत बसले होते. त्यांचा हात बुटाच्या नाडीपर्यंत आला. समोरचा एकजण काहीतरी बोलून हसला, ते घोड्याविषयी होतं. आबांनी हात मागं घेतला. थंडीचं निमित्त झालं आणि ते बुटासकट झोपले.

दुसऱ्या दिवशी मी वाळून कडक झालो होतो, वर पुन्हा ओला होत होतो. दुपारपर्यंत आबांनी चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली एक पंचकल्याणी घोडी पसंत केली. घोडीचे मालक नवलसिंग गिरासे, साठीचे, कमी बोलणारे. सौदा ठरत आला होता. नवलसिंगांनी घोडीचा एकेक पाय उचलून खूर खालून साफ केला आणि अंगठ्यानं दाबून पाहिला.

"सकाय तं दखं व्हतं ना तुम्हीन?" आबांनी विचारलं.

"सकाय दखं, आते परत दखस," नवलसिंग म्हणाले. "जनावरले दुखस, पन ते सांगत नही. लंगडाले लागनं म्हनजे उशीर व्हई गया."

आबांची नजर त्या उचललेल्या खुरावरून आपल्या उजव्या बुटावर आली.

"मन्हा पाय तं लंगडत बी नही," ते म्हणाले.

मग ते कडब्याच्या पेंढीवर बसले, चारचौघांसमोर, आणि उजव्या बुटाची नाडी सोडू लागले. बूट निघाला, मी निघालो नाही. मी जखमेला चिकटलो होतो. आबांनी मला ओढायला हात घातला, तेवढ्यात नवलसिंगांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, आबा. कातडी निघी येई." त्यांनी पाणी आणलं, मला थेंबाथेंबानं भिजवलं आणि कडेकडेनं सोडवलं. करंगळी काळीनिळी झाली होती. सूज पावलावर चढली होती. जमलेल्या माणसांत कुणीही हसलं नाही.

"सौदा ऱ्हाऊ द्या," नवलसिंग म्हणाले. घोडी भावाच्या हाती देऊन ते स्वतः आबांना घेऊन नावेत बसले आणि पलीकडून बैलगाडीनं नंदुरबारच्या दवाखान्यात पोचले.

डॉक्टरांना करंगळी काढावी लागली. पाय वाचला. निरोप मिळताच धनुबाई आल्या. रडल्या नाहीत. खाटेशेजारी बसून त्यांनी एकच विचारलं, "पहिला दिन दखं व्हतं का?"

आबांनी भिंतीकडं पाहिलं. "नही."

धनुबाईंनी मला उचलून बाहेर नेलं आणि थंड पाण्यात धुवू लागल्या. त्या दिवशी त्यांनी मला इतकं चोळलं, की मला वाटलं, मी आता विरून जाणार. डाग पुसट झाला, पण गेला नाही.

चाळीस दिवस आबा खाटेवर आणि मी दोरीवर. दोघांनाही ते जड गेलं. आबा छताचे वासे मोजायचे, कपाशीच्या गाड्या गेल्या की कूस बदलायचे, उठायला बघायचे. धनुबाई नुसत्या दारात उभ्या राहायच्या, की ते परत आडवे व्हायचे. पायावर उभे राहिल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की संध्याकाळी मोजे स्वतः काढले. तेव्हापासून रोज काढू लागले. वावरात असोत, बाजारात असोत, समोर कुणीही असो. घोडी मात्र त्यांनी पुन्हा पाहिली नाही.

असे तीन उन्हाळे गेले. एका संध्याकाळी आबा ओट्यावर आपला पाय पाहून उठत होते. पलीकडं धनुबाई सुई घेऊन वाकल्या होत्या. तळव्यातला बाभळीचा काटा काढत होत्या.

"दखाड," आबा म्हणाले.

धनुबाईंनी पाय झटकन लुगड्याखाली ओढला. "काय दखाडू? काटा शे."

"पाय दखाड."

"बायकोना पायले हात लावतस का? पाप लागी माले."

"तू मन्हा पायले हात लावस ना रोज?"

"ते येगळं शे."

"कसं येगळं?"

आबांनी खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. टाचांना बोटाचं पेर जाईल एवढ्या भेगा होत्या. भेगांत वर्षानुवर्षांची काळी माती बसली होती. एक भेग ओली होती, तिच्यातून रक्त येत होतं. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि आबा हे पाय पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी काटा काढला, पाय कोमट पाण्यानं धुतले, भेगांत तूप भरलं. मग मला आणि माझ्या जोडीदाराला धनुबाईंच्या पायांत चढवलं. आम्ही त्यांना मोठे होत होतो.

"लोके हासतीन," धनुबाई म्हणाल्या.

"हासू दे."

त्या उठल्या. चुलीपर्यंत गेल्या, परत आल्या. पाऊल अगदी जपून टाकत होत्या, जणू खाली काही सांडलं आहे. मी त्यांच्या टाचेला धरून होतो. भेगेवर भार आला की पाय आखडायचा. खाली वाळूचा कण आला तरी बोटं उचलली जायची. आत एक जिवंत पाय होता.

"मऊ शे," त्या म्हणाल्या आणि चुलीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मोजा विकत घेताना आतून हात घालून पाहा, धागा भिजवून ओढून पाहा, माझ्यासारख्याला वेळेवर धुवा आणि फाटला तर रफू करा. हे सगळं मी सांगणारच होतो. पण त्या संध्याकाळपासून माझ्या मनाला दुसरीच गोष्ट खात राहिली आहे. आबांच्या पायाला काही कळत नव्हतं, म्हणून त्याच्याकडं रोज कुणीतरी पाहिलं. धनुबाईंच्या पायांना सगळं कळत होतं आणि तीस वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही. तुमच्याही घरात दिवसभर चालणारे असे दोन पाय असतील. आज उजेड आहे तोवर त्यांच्यापाशी बसा आणि म्हणा, दाखव. त्या पायांची मालकीण आधी नको म्हणेल. तुम्ही उठू नका.