बसप्पांची तपासणी

बसप्पांचं पालममध्ये कापडाचं दुकान. दुबईला लेकाकडं जाऊन आल्यापासून त्यांच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. त्या दिवशी पायरीवर टेकलेल्या दगडाबाईला, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकाला, त्यांनी सगळं पुन्हा ऐकवलं.

“इमानतळावर पट्टा काढा म्हणले, काढला. बूट काढा म्हणले, काढले. मग म्हणले, गळ्यातली चांदीची डबी ट्रेमधी ठिवा. आता त्यात लिंग हाय. ते मेल्यावर बी अंगावरून उतरत न्हाई, अन् ह्यांच्या ट्रेसाठी उतरवू? लय हुज्जत घातली, तवा कुठं सोडलं. दुबईत उतरलो तर तिथला सायेब घडीत पासपोर्ट बघतो, घडीत माझं थोबाड. मी काय चोर हाय?”

आपल्याला कसं चाचपलं, तेही बसप्पांनी उभं राहून, दोन्ही हात पसरून दाखवलं.

“लय वंगाळ केलं बघा,” म्हणत दगडाबाई उठली आणि आत शिरू लागली.

“पिशवी भाइर ठिवा, दगडाबाई,” बसप्पा सवयीनं म्हणाले. “सगळ्यांना तोच नियम हाय.”

दगडाबाईनं पिशवी पायरीवर ठेवली, चपला काढल्या आणि बसप्पांसारखेच दोन्ही हात पसरले.

“तपासा, आप्पा. डोरलं तेवढं काढायला लावू नका.”