दुहेरी टीप

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. नाके मुरडू नका, उद्या तीच नाके पुसायला माझाच एखादा भाऊबंद लागणार आहे. अंघोळीचा लांबरुंद टॉवेल तो मी नव्हे. मी हात पुसायचा, मधल्या मापाचा, एके काळी दुधासारखा पांढरा. आता सायीसारखा म्हणा. प्रवाशांना घेऊन समुद्रावर सहली करणाऱ्या एका मोठ्या जहाजावर माझे सारे आयुष्य गेले आणि खोटे कशाला बोलू, मजेत गेले.

माझा जन्म गिरणीतला. मागावरून लांबच लांब ताग्याच्या रूपात बाहेर पडलो तेव्हा मी कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो, हेही मला माहीत नव्हते. मग कात्री आली आणि आमची वाटणी झाली. कापलेल्या कडेचे दोरे लोंबत होते. शिवणयंत्रावर बसलेल्या एका बाईने माझी कड दुमडली आणि घर्रकन तिच्यावर टीप मारली. झाले, मी टॉवेल झालो. 'टीप' हा मी ऐकलेला पहिला शब्द. शिवणीची टीप शाबूत असली तर टॉवेल, उसवली तर चिंधी, एवढे शहाणपण मला जन्मतःच मिळाले.

जहाजावर जायचे ठरले तेव्हा गठ्ठ्यातले आम्ही सगळे हरखलो होतो. समुद्र बघायला मिळणार! मिळाली ती जहाजाच्या पोटातली कपड्यांची खोली, तीही बिनखिडकीची. समुद्राची आणि माझी ओळख लोकांच्या ओल्या केसांतून झाली. माझे काम टिपण्याचे. पाणी टिपायचे, घाम टिपायचा, सांडलेला चहा टिपायचा, एखाद्या लहानग्याच्या तोंडाचे आइस्क्रीम टिपायचे. मग धुलाईयंत्रात गरगर फिरायचे, वाळायचे आणि पुन्हा कामाला हजर.

अशा माझ्या ओल्या नशिबात घडीवाला आला. खोल्या झाडून पुसून, पलंग नीटनेटके करून ठेवणारा हा माणूस. त्याचे खरे नाव जहाजावर कुणी घेत नसे. लांब बोटांचा, मिशीतल्या मिशीत हसणारा, आणि टॉवेल हाती लागला की त्याची घडी घालून त्यातून काहीतरी जिवंत उभे करणारा. एका संध्याकाळी त्याने एका मोठ्या टॉवेलाच्या दोन गुंडाळ्या वळून चार पाय केले आणि वर मला बसवले. मला तिरके गुंडाळले ती सोंड झाली, वर उरलेले पदर फाकवले ते कान झाले. पलंगावर पांढराशुभ्र हत्ती उभा राहिला. धड दुसऱ्याचे, डोके माझे! त्या दिवसापासून मी जरा चढेलच झालो.

दिवसा पुसायचे आणि संध्याकाळी हत्ती व्हायचे. प्रवासी दार उघडत आणि 'अय्या' म्हणत. माझे फोटो काढत. माझ्या डोळ्यांवर आपले काळे चष्मे लावत. मी ताठ सोंडेने सगळे करून घेत असे.

जहाजावर एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस कळत नव्हती. प्रवास संपला की कर्मचारी एकमेकांना विचारत, "टीप मिळाली का रे?" मला वाटायचे, बिचाऱ्यांच्या बाह्या उसवल्या असतील. पुढे कळले, ही टीप वेगळी. ज्यांनी आपली सेवा केली त्यांना प्रवासी जाताना खुशीने काही पैसे देतात, तिलाही टीपच म्हणतात. पगार बेताचा, तेव्हा घरी पाठवायच्या रकमेत या टिपेचा मोठा आधार. देणाऱ्यांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! कुणी उशीखाली लपवून ठेवतात, जणू चोरीच केली आहे. कुणी हातात कोंबतात आणि भलतीकडे बघत राहतात. कुणी उतरायच्या दिवशी घडीवाला दिसला की एकदम छताची कारागिरी न्याहाळू लागतात. अर्धा बिस्किटांचा पुडा ठेवून "खास तुमच्यासाठी हं" म्हणणारेही असतात. घडीवाला सगळ्यांना सारखाच हसून निरोप देई. माझा मात्र हत्ती असूनही तिळपापड व्हायचा.

वर्षे गेली. गरगर फिरून फिरून माझ्या एका कडेची टीप उसवू लागली. आधी दोरा सुटला, मग बोटभर कड मोकळी झाली, मग वीतभर. आता मात्र माझ्या तोंडचे पाणी पळाले. मुकादमबाईचा कायदा साऱ्या जहाजाला ठाऊक होता. ही खोल्यांच्या कामावर देखरेख करणारी बाई, हसली तर दंड होतो अशा चेहऱ्याची. बंदर लागायच्या आदल्या दिवशी ती प्रत्येक खोलीतले कापड तपासायची. ज्याची कड उसवलेली, तो फाडून इंजिनखोलीत, तेल पुसायला. तिथे गेलेला टॉवेल परत आल्याचे कुणी पाहिलेले नाही.

घडीवाल्याने मला लपवायला सुरुवात केली. हत्ती करताना उसवलेली कड तो कानाच्या आत दुमडायचा. त्याला माझा लळा होताच, पण त्यात त्याचा स्वार्थही होता. नव्या गुबगुबीत टॉवेलांची सोंड उभीच राहत नसे, मी जुना, मऊ, म्हणेल तसा वळणारा. बिचाऱ्याने एकदा सुईदोराही घेतला होता. तेव्हा त्याने मला स्वतःच्याच बाहीला शिवून टाकले. जहाजावरचा शिंपी केव्हाच काम सोडून गेला होता आणि घडीची जादू सुईत उतरत नाही.

अशात एका सफरीवर एक आजी आली. मुलगा आणि सूनबाई शेजारच्या खोलीत, आजी एकटी आमच्या खोलीत. जन्मभर शिवणकाम करून तिने मुलाला वाढवले होते. मुलाने, प्रेमानेच, तिचे शिवणयंत्र बंद करायला लावले होते. "आई, आता आराम कर." त्या आरामाने ती पार कंटाळून गेली होती. पहिल्याच दिवशी घडीवाला आला तर पलंग आधीच लख्ख आवरलेला.

"आजी, माझं काम तुम्ही केलंत तर मी काय करू?" घडीवाला म्हणाला.

"बस त्या खुर्चीवर. दुसऱ्यानं अंथरूण घालायला मी काय आजारी आहे?"

"मला बसलेलं बघितलं तर मुकादमबाई मला समुद्रात टाकतील."

आजी हसली. मग त्याने तिच्यादेखत हत्ती केला आणि तिने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ती मला रोज "काय हत्तीराव, जेवलात का?" असे विचारू लागली. खोली आवरायला दोघे, आणि गप्पाही दोघांच्या. मला कुणी जेवणाचे विचारण्याची ती पहिलीच वेळ.

सफरीचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी सूनबाई पोहायला जाता जाता दाराशी आली.

"आई, उद्या उतरायचं. टॉवेलच्या त्या दादांची टीप तेवढी राहिलीय. आजच देऊन टाका हं."

आजीला एका कानाने कमी ऐकू येई, आणि सूनबाई नेमकी त्याच कानाच्या बाजूला उभी होती. आजीला ऐकू आले ते एवढेच, 'टॉवेल' आणि 'टीप राहिलीय'. तिने माझ्याकडे पाहिले. कान उलगडला. उसवलेली कड भसकन बाहेर आली.

"पोरीची नजर बघा," आजी पुटपुटली. "माझ्या इतक्या दिवसांत लक्षात आलं नाही."

तिच्या पिशवीत पत्र्याची एक डबी होती, सुयादोऱ्यांची. यंत्र सुटले तरी डबी सुटली नव्हती. पांढरा दोरा संपला होता, म्हणून तिने लाल घेतला. मांडीवर मला पसरले आणि बारीक, घट्ट टीप घालू लागली. एक ओळ झाली, तिच्या शेजारून दुसरी. काम करता करता ती गुणगुणत होती. मित्रांनो, मला गिरणीतल्या त्या बाईची आठवण झाली आणि मी पुन्हा जन्माला आलो असे वाटले. मग तिने मला परत हत्ती करायचा प्रयत्न केला. हत्ती काही जमेना. उंदीर झाला, तोही आजारी. शेवटी तिने मला तसेच पलंगावर ठेवून दिले, लाल कड वर करून.

आणि दारात मुकादमबाई, मागे घडीवाला. तिने मला दोन बोटांनी उचलले.

"हे काय? लाल दोरा?"

"मी शिवलाय," आजी कौतुकाने म्हणाली.

मुकादमबाई घडीवाल्याकडे वळली. "शिवला, म्हणजे उसवलेला होता. कधीपासून लपवतोयस? आणि आपले टॉवेल पांढरे असतात. याला खाली पाठव."

खाली म्हणजे इंजिनखोली. घडीवाल्याचा चेहरा पडला. मला तर तेलाचा वासही येऊ लागला. तेवढ्यात ओल्या केसांनी सूनबाई आत आली.

"आई, टीप दिलीत ना?"

"दिली की. चांगली दुहेरी दिली."

"दुहेरी? अहो, एवढी कशाला?"

"एकेरी टिकत नाही गं. चार दिवसांत पुन्हा उसवते."

सूनबाईला काही उमगेना. "बरं, दादांनी घेतली ना?"

"त्याला कशाला? ज्याची राहिली होती त्यालाच दिली. कानाला आहे बघ."

सूनबाईने घडीवाल्याच्या कानाकडे पाहिले. मुकादमबाईनेही पाहिले. घडीवाल्याने स्वतःचा कान चाचपून बघितला.

"त्याच्या नाही, हत्तीच्या," आजी म्हणाली.

मग एक विचित्र आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. तो मुकादमबाईचा होता. तिने ओठ दाबून धरले, पण हसू काही थांबेना. मग सूनबाई सुटली, मग घडीवाला, आणि सगळा उलगडा झाल्यावर आजीही पोट धरून हसली. हसता हसता ती एकदम थांबली.

"अगं बाई. म्हणजे यानं इतके दिवस माझं सगळं केलं आणि मी याला काहीच दिलं नाही?"

ती पर्स काढू लागली. घडीवाला मागे सरला. "राहू द्या आजी. हत्तीला दिलीत, मला पोचली."

"राहू द्या काय? मी जन्मभर शिलाई घेतली, कधी मान खाली घातली नाही. कामाचं घ्यायला लाजू नये. घे, आणि माझ्याकडे बघून घे."

घडीवाल्याने तिच्याकडे बघून घेतली.

मुकादमबाईच्या हातात मी अजून होतो. तिने लाल कड दोन्ही हातांनी जोर लावून ओढली. टीप तसूभर हलली नाही.

"हात पुसायला हा चालणार नाही," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम." मग जरा थांबून म्हणाली, "पण हत्ती पांढराच असावा असा काही नियम नाही. याला फक्त हत्तीच ठेव." आणि त्याहून हळू आवाजात, आपला हात पुढे करत, "आजी, अजून दोरा आहे का हो? ही बाही कधीची उसवलीय."

बाही शिवून मुकादमबाई बाहेर पडली आणि बातमी जहाजभर झाली. स्वयंपाकी एप्रन घेऊन आला. वाढपी कॉलर घेऊन आला. शिडीवरचा पहारेकरी बटण मुठीत धरून आला. आजीने खुर्ची बाहेरच्या बोळात काढली आणि डबी मांडीवर घेतली. मुलगा धावत आला, "आई, डोळ्यांना त्रास होईल."

"तू जा, पोहून ये," आजी म्हणाली.

तो तिच्या शेजारी बसून सुयांमध्ये दोरा ओवून देऊ लागला.

दुसऱ्या दिवशी उतरण्याच्या शिडीपाशी सगळे उभे होते. मुकादमबाईच्या हातात तबक, तबकात हत्ती, आणि हत्तीच्या सोंडेत एक छोटे पाकीट. सोंड अर्थात माझी.

"आजी, तुमची टीप," मुकादमबाई म्हणाली.

"माझी? कसली?"

"शिलाईची. सगळ्यांनी मिळून."

"छे छे, राहू द्या." आजीची मान खाली गेली.

"कामाचं घ्यायला लाजू नये, आजी," घडीवाला म्हणाला. "घ्या, आणि आमच्याकडे बघून घ्या."

आजीने मान वर केली. एकेकाकडे बघितले आणि पाकीट घेतले. किती तरी वर्षांनी तिने कमाई हातात धरली होती. तिचे डोळे भरून आले आणि रुमाल काही सापडेना. घडीवाल्याने चटकन माझी सोंड उलगडून मला तिच्यापुढे केले. "यालाच पुसा डोळे."

नियम मोडला. पण मुकादमबाईला नेमका तेव्हाच समुद्र बघावासा वाटला. मी आयुष्यभर खूप काही टिपले, पण ते दोन थेंब टिपताना मला जो आनंद झाला तो दुसरे काही टिपताना कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, आता मी फक्त हत्ती असतो. घडीवाला माझा लाल काठाचा कान मुद्दाम पुढे काढून ठेवतो. तुम्ही कधी घराबाहेर राहायला गेलात आणि तुमचे अंथरूण कुणी नीट घातलेले दिसले, तर मोठ्यांना टिपेची आठवण करून द्या. ती उशीखाली लपवू नका, हातात द्या आणि तोंडाकडे बघून द्या. आणि एखादा कपडा उसवला तर फेकण्याआधी घरात विचारा, दुहेरी टीप घालणारे कुणी आहे का. बहुतेक असतेच, आणि कुणीतरी विचारील म्हणून वाट बघत असते.