अकरा महिन्यांचा भाडेकरू

मी एक जुना संगणक आहे. कल्याणच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. गेली नऊ वर्षं मी ठाकुर्लीत मायाताईंच्या घरी, फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या जागेत राहतो. त्या माझ्यावर पत्रिका आणि अहवाल जुळवतात.

त्यांचा मुलगा सुमित कॉलेजात असताना त्याने माझ्यात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. "प्रोजेक्टपुरती गं आई. अकरा महिन्यांत काढतो." आमच्या भागात अकरा महिन्यांचा भाडेकरार फार मानतात, म्हणजे दरवर्षी वाढवतात. चार वर्षं झाली. सुमित नोकरीला पुण्याला गेला. भाडेकरू माझी अर्धी डिस्क अडवून राहिला. सुरू होताना मी रोज विचारायचो, कोणाकडे जायचंय? शेवटी मायाताईंनी माझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली : 'खालचा बाण दोनदा, मग एंटर.'

यंदा बुद्धविहाराच्या एप्रिलमधल्या जयंती स्मरणिकेचं काम आलं. त्यात विहारात येणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या रंगूबाईंचा फोटो आयुष्यात पहिल्यांदा छापून येणार होता. तो नीट दिसावा म्हणून त्यांनी मोतीबिंदू काढून घेतला होता. शुक्रवारी पाचपर्यंत फाइल छापखान्यात हवी होती. त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता मला सांगावं लागलं : जागा शिल्लक नाही.

"आई, तू हात लावू नकोस. मी मेमध्ये येतो ना," सुमित फोनवर म्हणाला.

"मग जयंती मेमध्ये ढकलू का?"

मायाताईंनी स्मरणिका आणि सुमितचं सगळं सामान पेनड्राइव्हवर घेतलं आणि दुसऱ्या सिस्टीमचा भाग पुसून टाकला. मित्रांनो, एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. माझ्या दाराची किल्ली, म्हणजे मला सुरू करणारा छोटा प्रोग्राम, त्या भाडेकरूकडेच होती. तो गेला तो किल्ली घेऊन. मला पुन्हा सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ.

"झालं समाधान?" त्यांचे यजमान बाबुराव म्हणाले. "दुकानात नेऊ?"

"दुकानवाला सोमवारी या म्हणेल. तुम्ही माळ्यावर चढा."

माळ्यावर माझा जन्माचा खोका होता, थर्माकोलसकट. बाबुराव नऊ वर्षं तो फेकायला निघाले होते. आत वॉरंटी कार्डाशेजारी दुरुस्तीची सीडी निघाली. माझ्या सीडीच्या ताटलीत तोवर फक्त धूळ जेवली होती.

सीडी आत गेली. सुमित फोनवरून टाइप करायच्या कमांडची अक्षरं सांगू लागला. "आई, एम फॉर मुंबई..."

"मला टायपिंग शिकवू नकोस. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास आहे मी."

नवी किल्ली घडली. मधली भिंत पाडून मायाताईंनी जागा एक केली. पाचला वीस मिनिटं कमी असताना फाइल गेली.

जयंतीला रंगूबाई स्मरणिका घेऊन आल्या. फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"एवढ्याशा डब्यात मी मावले कशी गं?"

"जागा केली, आजी."

तेव्हा मित्रांनो, कोणालाही घराबाहेर काढा, पण आधी किल्ली मागून घ्या. माळ्यावरचा खोका तर मुळीच फेकू नका. मी आता काही विचारत नाही, सरळ उघडतो. मायाताई मात्र अजून खालचा बाण दोनदा दाबतात. मी दाबून घेतो.